खेळाडू मुलांचा बुडालेला धडा पुन्हा कोण शिकवणार?

वाशी : शालेय स्पर्धांची सुरुवात तालुक्यापासून होते. मग जिल्हा, लातूर विभाग, राज्य आणि शेवटी राष्ट्रीय स्पर्धा. वाशी तालुक्यातली एखादी मुलगी खो-खोत एकेक टप्पा पार करते, तसे तिचे शाळेचे दिवसही बुडत जातात. ‘वेळेचं नियोजन कर’ असं तिला सगळेच सांगतात. पण ही जबाबदारी तिच्या एकटीचीच का?

सवलतीचे गुण पुरेसे आहेत का?

दहावी-बारावीच्या खेळाडूंना राज्य मंडळाकडून कामगिरीनुसार जास्तीत जास्त २५ सवलतीचे गुण मिळतात. त्यासाठी शाळेला जिल्हा क्रीडा कार्यालयामार्फत प्रस्ताव पाठवावा लागतो. ही सवलत हवीच. पण तिने फक्त टक्केवारी वाढते, बुडालेली त्रिकोणमिती समजत नाही. नीट किंवा एमएचटी-सीईटीत तर हे गुण धरलेच जात नाहीत.

नोकरी खेळावर मिळते, मग अभ्यास कशाला?

राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. मात्र पदासाठी ठरलेली शैक्षणिक पात्रता खेळाडूलाही लागतेच. आपल्याच जिल्ह्यातल्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला खो-खो संघाने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या तुळजापूरला क्रीडा अधिकारी होत्या. पदक कपाटात राहते, घर पगारावर चालते. आणि दुखापत झाली, निवड हुकली, तर हाताशी शिक्षणच उरते.

शाळा काय करू शकते?

यासाठी मोठा निधी लागत नाही. स्पर्धेला गेलेल्या मुलांची यादी वर्गशिक्षकांकडे असावी. परतल्यावर गणित, विज्ञान आणि इंग्रजीसाठी आठवडाभर जादा तास घ्यावेत. चुकलेली चाचणी पुन्हा द्यायची संधी मिळावी. रोजच्या धड्याचे फोटो पालकांच्या व्हॉट्सॲपवर पाठवता येतात. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण खेळाला अभ्यासक्रमाचाच भाग मानते. मग मैदानावर गेलेला दिवस वाया गेला असे शाळेने का धरावे?

संघ जिंकला की शाळेच्या फलकावर मुलांचे फोटो लागतात. पुढच्या पालक सभेत एवढेच विचारा : या मुलांचे बुडालेले धडे कोण, कधी घेणार?