इंजेक्शनचें इंजिन कार्बुरेटरवर आणणें कितपत हिताचें ?

अलीकडे आपल्या शेतकरीवर्गांत एक विचार फैलावूं लागला आहे. पेट्रोलवर चालणारी जीप, मोटार किंवा फटफटी वाटेंत बंद पडूं लागली, कीं गांवचा मिस्त्री तारांचें जाळें पाहून मान हलवितो व म्हणतो, "हें संगणकाचें लफडें काढून टाका आणि जुना कार्बुरेटर बसवा, मग जन्मांत तक्रार राहणार नाहीं." मालक हंगामाच्या घाईनें गांजलेला असतो, त्यास हा सल्ला रुचतो. त्या सल्ल्याचा बरावाईटपणा खर्चांत पडण्यापूर्वींच तपासून पाहावा, म्हणून हा लेख लिहीत आहें.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपले ट्रॅक्टर डिझेलवर चालतात. डिझेल इंजिनांत ठिणगी नसते; दाबून तापविलेल्या हवेंत तेलाची पिचकारी मारली, कीं तें आपोआप पेटतें. तेथें कार्बुरेटरचा प्रश्नच उद्भवत नाहीं. पुढील विवेचन केवळ पेट्रोलच्या वाहनांपुरतें आहे.

पेट्रोल नीट जळावयाचें तर एक भाग पेट्रोलास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. हें प्रमाण राखण्याच्या दोन रीती आहेत. कार्बुरेटरमध्यें हवेची वाट मधेंच चिंचोळी केलेली असते. तेथून हवा वेगानें जाऊं लागली, कीं दाब कमी होतो व वाटींतील पेट्रोल बारीक छिद्रांतून ओढलें जाऊन हवेंत मिसळतें. किती पेट्रोल जावें हें मुख्यतः छिद्राच्या मापावर ठरतें. इंजेक्शनमध्यें पंप पेट्रोलास दाब देतो व विजेनें उघडझांप करणारी पिचकारी तें उडविते. ती किती वेळ उघडी ठेवावी, हें लहानसा संगणक हवेचा दाब, इंजिनाची उष्णता व धुरांतील प्राणवायु पाहून क्षणोक्षणीं ठरवितो. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर, कार्बुरेटर म्हणजे पाटाला बसविलेली ठराविक मापाची मोरी. आणि इंजेक्शन म्हणजे वाफ्याची ओल पाहून पाणी सोडणारा पाटकरी. बॉश कंपनीची विजेची इंजेक्शनपद्धति फोक्सवॅगनच्या मोटारींत १९६७ सालींच आली. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे धुराचे नियम लागू झाल्यावर नव्या फटफट्याही बहुतेक सर्व इंजेक्शनवर आल्या.

आतां कार्बुरेटरच्या बाजूनें जें म्हणतां येईल, तें प्रांजळपणें मांडलें पाहिजे. तो डोळ्यांनीं दिसतो, हातांनीं उघडतो, पेट्रोलनें धुवून पुन्हां बसवितां येतो. त्यास संगणक लागत नाहीं. बॅटरी उतरली तरी गाडी चार माणसांनीं ढकलून सुरू होण्याचा बराच संभव असतो. इंजेक्शनच्या गाडीस पंप चालविण्यापुरती तरी वीज हवीच. आडवाटेला राहणाऱ्या मनुष्यास हे गुण थोडे नव्हेत. जी गाडी कारखान्यांतूनच कार्बुरेटर घेऊन आली, तिचा कार्बुरेटर नीट राखावा, याविषयीं आमचें दुमत नाहीं.

परंतु इंजेक्शनसाठीं घडविलेल्या इंजिनावर कार्बुरेटर चढविणें ही गोष्ट निराळी. मिस्त्री सांगतो तसें तें एका वस्तूच्या जागीं दुसरी वस्तु बसविण्याचें काम नाहीं. पहिली अडचण पंपाची. इंजेक्शनचा पंप दर चौरस सेंटिमीटरास सुमारें तीन किलो दाब देतो. कार्बुरेटरला पाव किलोच्या आसपास दाब पुरतो. जुनाच पंप ठेवला तर वाटीची सुई तो दाब अडवूं शकत नाहीं, पेट्रोल उतूं जातें व तापलेल्या इंजिनावर सांडतें. आग लागण्यास याहून अधिक कांहीं लागत नाहीं. दुसरी अडचण ठिणगीची. पुष्कळ इंजिनांत ठिणगी केव्हां पडावी हेंही तोच संगणक ठरवितो. तो काढला कीं ठिणगीची निराळी व्यवस्था करावी लागते, आणि कित्येक इंजिनांवर डिस्ट्रिब्यूटर बसविण्यास जागाच ठेवलेली नसते. तिसरी अडचण हवेच्या नळ्यांची. त्या बदलाव्या लागतात व पिचकाऱ्यांचीं छिद्रें बुजवावीं लागतात; एखादें फटीचें राहिलें तर बाहेरची हवा आंत शिरून सगळें प्रमाण बिघडतें. चौथी अडचण धूर शुद्ध करणाऱ्या भांड्याची. मिश्रणांत पेट्रोल जास्त झालें, कीं न जळलेला अंश त्या भांड्यांत जळतो व तें अतितापून निकामी होतें. एवढें करून हातीं काय येतें ? बहुधा जास्त पेट्रोल पिणारी व थंडीच्या सकाळीं कुरकुरणारी गाडी.

ऊंस लावणाऱ्या आपल्या बांधवांनीं आणखी एका गोष्टीचा विचार करावा. साखर कारखान्यांची मळी व उंसाचा रस यांपासून होणारें इथेनॉल आतां पेट्रोलांत मिसळलें जातें. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची विक्री २०२३ सालीं सुरू झाली आणि २०२५ सालीं देशानें तें प्रमाण गांठलें. या मिश्रणामुळें आपल्या उंसास गिऱ्हाईक वाढलें, हें उघड आहे. पण इथेनॉलला जळण्यास वजनाच्या नऊपटच हवा लागते. त्यामुळें वीस टक्के मिश्रणास १४.७ ऐवजीं सुमारें साडेतेरा भाग हवा पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेस पेट्रोल अधिक सोडलें पाहिजे. संगणक धुरांतील प्राणवायु पाहून ही दुरुस्ती पुष्कळ अंशीं आपणच करतो. जुन्या मापाचें छिद्र ती करूं शकत नाहीं. मिश्रण कोरडें पडतें, इंजिन तापतें व ओढ कमी होते. शिवाय इथेनॉल हवेंतील ओल शोषून घेतें. कार्बुरेटरची वाटी हवेस मोकळी असते. पावसाळ्यांत गाडी महिना दोन महिने उभी राहिली, कीं वाटींत गंज व चिकट सांका धरण्याचा संभव वाढतो. ज्या इंधनासाठीं आपण ऊंस पिकवितों, त्याच इंधनास न मानवणारें यंत्र हौसेनें बसवावें, हें विचित्र नव्हे काय ?

कायद्याची बाजू तर अधिकच स्पष्ट आहे. महसूल खात्याच्या दप्तरांत आयुष्य गेल्यामुळें ती मांडणें आम्हांस कर्तव्य वाटतें. गाडीचें नोंदणीपुस्तक म्हणजे गाडीचा सातबाराच होय. शेतांत एक व उताऱ्यावर दुसरें असें असलें, कीं तंटा उभा राहतो, हें आपणांस सांगावयास नको. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ अन्वयें कारखानदारानें दिलेल्या वर्णनाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें बदललेल्या कलम १८२-अ अन्वयें बेकायदा फेरफारास दर फेरफारीं पांच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. धुराच्या दाखल्याचेंही तसेंच. अगदीं जुन्या चारचाकीस कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांपर्यंत चालतो. भारत स्टेज चारच्या पेट्रोल मोटारीस मर्यादा ०.३ टक्का, म्हणजे दशांश. कार्बुरेटर बसविलेली नवी गाडी ही मर्यादा पाळील, अशी आशा थोडी. आणि उद्यां अपघात झाला तर विमा कंपनीस हरकत घेण्यास आपण होऊनच जागा करून दिल्यासारखें होईल.

मग बंद पडणाऱ्या गाडीचें करावें काय ? बहुतेक वेळां दोष संगणकांत नसतोच. तुंबलेला पेट्रोलचा फिल्टर, गंजलेला अर्थिंगचा जोड, उंदरांनीं कुरतडलेली तार, काजळलेला थ्रॉटल, थकलेली बॅटरी, हीं कारणें प्रथम पाहावींत. टांकींतील पंप पेट्रोलनेंच थंड राहतो. टांकी सदा तळाशीं ठेवणारा मालक आपल्या हातानें त्याचें आयुष्य कमी करतो. गाडी स्वतःचा दोष सांकेतिक अंकांत नोंदून ठेवते व तो अंक लहानशा यंत्रानें वाचतां येतो. तो न वाचतां संगणकास दोष देणें म्हणजे फेरफार न पाहतां तलाठ्यास शिव्या देणें होय.

येथेंच खरी तक्रार आहे, व ती न्याय्य आहे. हे अंक वाचण्याचीं पूर्ण साधनें व दुरुस्तीचीं पुस्तकें कंपन्यांनीं आपल्या अधिकृत दुकानांपुरतीं राखून ठेवलीं, म्हणूनच गांवचा मिस्त्री आंधळा राहिला. भारतीय स्पर्धा आयोगानें २५ ऑगस्ट २०१४ रोजीं याच कारणास्तव चौदा मोटार कंपन्यांस एकूण अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. त्यावर पुढें अपिलें झालीं. २०२२ सालीं केंद्र सरकारच्या ग्राहक खात्यानें दुरुस्तीच्या हक्कासंबंधीं समिति नेमली. मागणी करण्याची वाट खुली आहे. ती करणारे मात्र आपण नाहीं.

म्हणून आमची सूचना अशी. ज्या गाड्यांचे मालक हजार, पंधराशें रुपये एका फेरीच्या भाड्यास मोजतात, त्यांनीं दहा-बाराजणांत मिळून दोष वाचणारें एक बरें यंत्र घ्यावें. आयटीआयमध्यें शिकलेल्या गांवच्या एखाद्या होतकरू मुलास तें वापरण्यास शिकवावें व तालुक्याच्या ठिकाणीं पाठविण्याऐवजीं त्याच्याच हातीं काम द्यावें. आणि गाडी विकत घेतांना दुरुस्तीचें पुस्तक व सुट्या भागांची किंमतयादी विक्रेत्याकडे लेखी मागावी. एकट्याचें पत्र टोपलींत पडतें. पन्नास शेतकऱ्यांचें पत्र कंपनीस वाचावें लागतें.

नव्या यंत्राचें वर्म ज्याच्या हातीं, त्याच्या हातीं मालकी, हें आतां आपण ओळखलें पाहिजे. तें वर्म परक्यांच्या हातीं राहतें म्हणून यंत्रच मोडून जुनें बसविणें, हा पराभव झाला. तें वर्म मागून घ्यावें, शिकून घ्यावें व गांवांत ठेवावें, हाच मार्ग आपल्या समाजास शोभणारा आहे.