कबुतरांचे दाणे आणि फुप्फुसांचे दुखणे

दादरच्या कबुतरखान्यावर मुंबई महापालिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये ताडपत्री घातली आणि आंदोलकांनी ती हटवली. उच्च न्यायालयात गाजलेल्या या वादात श्रद्धा आणि भूतदया यांवर भरपूर बोलले गेले. कबुतरांमुळे नेमका कोणता आजार होतो, हे मात्र अनेकांना अजूनही ठाऊक नाही.

कबुतराची वाळलेली विष्ठा आणि पिसांवरची भुकटी हवेत मिसळते. त्यातील प्रथिने श्वासावाटे वारंवार आत गेली, की काहींची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते आणि त्या झटापटीत फुप्फुसालाच सूज येते. हा ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस’. तो जंतुसंसर्ग नव्हे. त्यामुळे प्रतिजैविकांनी बरा होत नाही आणि एकापासून दुसऱ्याला लागतही नाही. दाणे टाकणारा ठणठणीत राहतो आणि वरच्या मजल्यावरचा शेजारी आजारी पडतो, असेही घडू शकते.

सुरुवात कोरड्या खोकल्याने होते, मग जिना चढताना धाप लागते. दमा किंवा क्षयाच्या शंकेत महिने निघून जातात. वेळीच ओळखून कबुतरांचा संपर्क तोडला, तर फुप्फुस बरेचसे सावरते. पण एकदा व्रण पडून ते कडक झाले, की स्टिरॉइडनेही पूर्ववत होत नाही. काही रुग्णांना घरी प्राणवायू लावावा लागतो. म्हणून खोकला लांबला की रुग्णाने ‘खिडकीत कबुतरे बसतात’ हे आपणहून सांगावे आणि डॉक्टरांनीही ते विचारावे.

कबुतर मुळात कड्याकपारींत राहणारे. शहरात त्याला सज्जे आणि एसीमागच्या फटी मिळाल्या. आयते दाणे मिळाले की वर्षभर पिल्ले होतात. उपाय साधे आहेत. खिडकी-गॅलरीत दाणे टाकू नयेत, जाळी लावावी. साचलेली विष्ठा कोरडी झाडू नये. आधी पाण्याने भिजवावी, मास्क आणि हातमोजे घालूनच काढावी. दमेकरी, फुप्फुसाचे जुने रुग्ण आणि प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्यांनी हे काम करूच नये. त्यांना विष्ठेतील बुरशीच्या संसर्गाचाही धोका असतो.

एवढ्यासाठी कबुतरांना मारण्याचे किंवा हुसकावताना इजा करण्याचे कारण नाही. दाणे थांबले की त्यांची संख्या हळूहळू आटोक्यात येते. भूतदया हवीच, पण शेजारच्या घरात धापा टाकणारा माणूसही तिच्या कक्षेत यायला हवा.