बर्फाची मोजणी आणि आपली नोंद

जठारपेठेतल्या रणरणत्या उन्हात उत्तर ध्रुवावरील बर्फाची चर्चा कशाला, असे वाचक बंधू-भगिनी विचारतील. पण तो मोजतात कसा, हे समजून घेण्याजोगे आहे.

1978 पासून उपग्रह समुद्रावरून येणाऱ्या सूक्ष्मलहरी टिपत आहेत. सहा महिन्यांच्या रात्रीतही मोजणी थांबत नाही. भारताच्या 2009 सालच्या ओशनसॅट-2 चीही या कामी मदत झाली. समुद्राचे सुमारे 25 किलोमीटरचे चौकोन पाडतात. ज्यात किमान 15 टक्के बर्फ, तो संपूर्ण चौकोन बर्फाच्या विस्तारात धरतात. त्याहून कमी असेल तर शून्य. मग अनेक वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहतात. 1981 ते 2010 या काळात सप्टेंबरमधील नीचांकाची सरासरी सुमारे 62 लाख चौरस किलोमीटर होती. 2012 मध्ये तो सुमारे 34 लाखांवर आला.

ऐकीव म्हणून काही मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. म्हणून आकडा ऐकला की मोजणीचा नियम आधी विचारावा. जनगणनेतही रकान्यात जे लिहिले तेच मोजले जाते. बौद्ध म्हणून जगायचे आणि नोंद दुसरीच करायची, तर आपणही शून्यात जमा होऊ. प्रगणक दारी येईल तेव्हा धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिल्याची खात्री घरातील प्रत्येकाने करून घ्यावी, एवढीच आमची विनंती. जय भीम!