हादग्याची माळ

सप्टेंबरअखेर सूर्य हस्त नक्षत्रात गेला, की ईश्वरपूरच्या (पूर्वीच्या इस्लामपूरच्या) आसपास हादग्याचे दिवस येतात. भिंतीवर समोरासमोर उभ्या हत्तींचं चित्र लागतं आणि त्याला घालायच्या माळा घरातच ओवल्या जातात: भुईमुगाच्या ओल्या शेंगा, कारली, मिरच्या, झेंडू, कुंपणावरची लालबुंद कवंडळं. खर्च काय तो दाभण-सुतळीचा. झेंडू ओवताना सुई देठाजवळच्या हिरव्या भागातून काढावी, पाकळ्या गळत नाहीत. दसऱ्याला तीच सुतळी, त्यात आंब्याची पानं आणि भाताच्या लोंब्या. बाजारात प्लॅस्टिकचा झेंडूही मिळतो. वर्षभर टिकतो म्हणे. पण वर्षभर त्याची धूळ पुसत कोण बसणार? या अंकात अशाच घरगुती सजावटी दिल्या आहेत. तुमच्याकडच्या माळेत काय ओवतात, तेही जरूर कळवा.