यंत्र घरात येणार, यादी कोण करणार?

२०२५ च्या दिवाळीत गव्हाणला बहिणीकडे गेले, तेव्हा घरात एका कागदावरून अबोला चालला होता. कागदावर कॉम्प्युटरच्या सुट्या भागांची यादी होती, ती भाच्याने केलेली. एकूण बेत ऐंशी हजारांचा. त्यातले पन्नास हजार भाचीचे, लग्नांचे आणि हळदीचे व्हिडिओ रात्री जागून जुळवून साठवलेले. ‘एकच घेऊ, त्याचा गेमही चालेल आणि तुझं एडिटिंगही,’ असं ठरलं होतं. यादी मात्र त्याची. बहीण म्हणाली, “मना काय समजतंय त्यातला? पोराला म्हायती असतं.”

पोराला काय माहिती असतं, ते मग मीही शिकले. मैत्रिणींनो, पान उलटू नका. ही यादी म्हणजे घरखर्चाच्या वहीसारखीच आहे. पैसा कुठे सढळ आणि कुठे हात आखडता, हे बघितलं की या घरात कोणाच्या कामाला काम मानतात ते कळतं.

त्या यादीत पंचेचाळीस हजार एकट्या ग्राफिक्स कार्डाला होते. उरलेल्यात नावाच्या शेवटी ‘एफ’ अक्षर असलेला इंटेलचा प्रोसेसर, ५१२ जीबीची एसएसडी, स्वस्तातला एसएमपीएस आणि सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा मॉनिटर. गेम खेळायला हे ठीक आहे. आता भाचीच्या बाजूने बघा. ‘एफ’ असला की प्रोसेसरला अंगचं ग्राफिक्स नसतं, म्हणून तो थोडा स्वस्त पडतो. खेळणाऱ्याला फरक पडत नाही, त्याच्याकडे वेगळं कार्ड असतंच. पण त्या अंगच्या ग्राफिक्समध्येच क्विक सिंक नावाची सोय असते. कॅमेऱ्याने दाबून लहान केलेलं चित्रण भराभर उलगडायला ती लागते. आजच्या बऱ्याच कॅमेऱ्यांचं जास्त रंगांचं चित्रण भाच्याने निवडलेल्या आधीच्या मालिकेतल्या कार्डाला नीट उलगडत नाही, इंटेलच्या बाराव्या पिढीच्या साध्या प्रोसेसरला उलगडतं. म्हणजे हजार-दीड हजार वाचवायचे आणि बहिणीने प्रत्येक कापणीला दोन-दोन सेकंद थांबायचं. रात्रभरात असे किती सेकंद होतात, याचा हिशेब कोणी केला नव्हता.

साठवणुकीचं गणित तर भाचीने मला भाजी निवडता निवडता सांगितलं. कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिटने चित्रण करत असेल तर तासाला ४५ जीबी होतात. आगरी हळद म्हणजे चार तास कुठे गेले कळत नाही. दोन कॅमेरे धरले तर ३६० जीबी. ५१२ ची एसएसडी एका हळदीतच भरत आली, आणि तिच्यातच विंडोज आणि भाच्याचे गेम. शिवाय गिऱ्हाईक माल घेऊन जाईपर्यंत दुसरी प्रत ठेवावीच लागते. एकदा डिस्क गेली तर ती हळद पुन्हा लागत नाही!

आणि मॉनिटर. १६५ वेळा चित्र बदललं काय नि ६० वेळा बदललं काय, हळदीचा पिवळा पिवळाच दिसला पाहिजे. स्वस्त पडद्यावर तो बरा दिसतो आणि मोबाइलवर हिरवट निघतो. तिला रंग खरा दाखवणारा आयपीएस पडदा हवा होता. (जाता जाता: ‘नवरीला जरा गोरी करा’ ही मागणी तिला जवळजवळ प्रत्येक कामात येते. त्याला कुठलं कार्ड लागत नाही. ती नाही म्हणते, पण प्रत्येक वेळी म्हणता येत नाही, पोटाचा प्रश्न आहे.)

भाच्यावर अन्याय करायचा नाही. भाची वापरते तो दा विंची रिझॉल्व्ह हा प्रोग्राम, ज्याची फुकट मिळणारी आवृत्तीही शिकायला पुरेशी आहे, तो ग्राफिक्स कार्डावरच बरीच मदार ठेवतो. कार्ड बिनकामाचं नाही, फक्त निम्म्याहून जास्त पैसा खाण्याइतकं मोठं नको. आणि गेम खेळणं वाईट असंही मी म्हणत नाही. उलट मला विचारावंसं वाटतं, की तिला खेळायचंय का, हे त्या घरात कोणी विचारलं का? त्याचा खेळ हा त्याचा हक्काचा विरंगुळा, आणि तिचं काम हे ‘फावल्या वेळातलं’. ती रेंडर लावते आणि उठून भात चढवते.

घरात यंत्र आणून चित्रं जुळवणं मराठी घराला नवं नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून कॅमेरा, फिल्मला छिद्रं पाडायचं यंत्र आणि छपाईचं यंत्र आणलं. कच्च्या फिल्मला छिद्रं पाडणं, रसायनं कालवणं, फिल्म धुणं ही कामं सरस्वतीबाई करत होत्या, आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’बद्दल नाव मात्र एकाचंच घेतात. तिकडे हॉलिवुडातही मूकपटांच्या काळात फिल्म कापण्या-जोडण्याचं काम बायकांकडे असायचं, कारण ते शिवणासारखं वाटायचं. मान वाढला तसे तिथे पुरुष आले. आपल्याकडे रेणू सलुजांनी ‘परिंदा’सारख्या चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवला, तरी आमच्या बहिणीला ‘एडिटर’ म्हटलं की डोळ्यांसमोर पुरुषच येतो.

असो. आम्ही दोघींनी यादी नव्याने केली. एफ नसलेला प्रोसेसर. आठ जीबी मेमरीचं मधलं कार्ड. एक टीबीची एसएसडी कामाला आणि चार टीबीची हार्ड डिस्क साठवायला. नावाजलेल्या कंपनीचा एसएमपीएस, कारण तो गेला तर जाताना बाकीच्यांनाही घेऊन जातो. साधा ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॅटचा असतो, तो या यंत्राला पुरणार नाही म्हणून मोठा. कॅबिनेट जाळीदार गाळण्यांचं, कारण खाडीची खारट हवा आणि चहूकडच्या बांधकामांची धूळ. वायरमनला बोलावून खोलीचं अर्थिंग तपासून घेतलं, ते नव्हतंच. त्याचा खर्च यादीत कोणीच धरला नव्हता.

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला तिघं गेलो. एका दुकानात मालक भाच्याकडेच बघून बोलत होता. भाचीने एफ नसलेला प्रोसेसर मागितला, तर त्याने भाच्याला विचारलं, “मॅडमना टायपिंगसाठी पाहिजे का?” भाचा गप्प राहिला. भाची म्हणाली, “रेट मला सांगा, पैसे मी देणार आहे.” दुसऱ्या दुकानात बिलाशिवाय घेतलं तर स्वस्त देतो म्हणाले. अठरा टक्के जीएसटी वाचवायचा मोह मलाही झाला, खोटं कशाला बोलू. पण बिल नसेल तर वॉरंटी मागायला कुठल्या तोंडाने जाणार? आणि बिलावर कोणाचं नाव घालायचं, हा खरा मुद्दा होता.

गव्हाण हे नवी मुंबईसाठी जमीन गेलेल्या ९५ गावांपैकी एक. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले, त्यातून पुढे साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले. आंदोलनात बायका होत्या. भूखंडाच्या कागदांवर बहुतेक ठिकाणी बाप्येच. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हिस्सा दिला, तरी भावांसाठी हक्कसोडपत्रावर सह्या चालूच आहेत. माझीही सही आहे. बहिणीचीही. ‘भावाशी संबंध तुटायला नकोत’ म्हणून आम्ही केली. त्या दुकानात काउंटरशी उभी असताना मला तीच आठवली.

बिल भाचीच्या नावावर झालं. उरलेले तीस हजार तिच्या वडिलांनी दिले होते, ते तिने वर्षात फेडायचे ठरलं. यंत्र जोडलंही तिनेच, ओट्यापासून लांब, जेवणाच्या टेबलावर. आधी कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावून अंगातली वीज घालवायची, सॉकेटमधल्या बारीक पिनांना बोट लागू द्यायचं नाही, पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी. भाचा स्क्रू देत होता. पहिल्यांदा चालू केलं तर पडदा काळाच. रॅम नीट बसली नव्हती, काढून पुन्हा दाबली.

यंत्र कुठे ठेवायचं यावर मात्र अजून भांडण आहे. भाच्याच्या खोलीला दार आहे आणि एसी आहे. भाची म्हणते, रात्री अकरा ते तीन मी तिथे कशी बसणार? सध्या ते बाहेरच्या खोलीत आहे, पाहुणे आले की त्यावर चादर पडते. रॅमचं तर त्याच सुमारास भलतंच झालं. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलल्याने २०२५ च्या अखेरीस भाव भडकले आणि ३२ जीबी परवडेना. म्हणून चार खाचांचा मदरबोर्ड घेऊन आठ-आठच्या दोनच कांड्या बसवल्यात. उरलेल्या दोन खाचा लग्नसराईनंतर भरायच्यात, भाव उतरले तर.