नुसत्या उजेडाने कॅन्सर कळतो म्हणे!

परवा लातूरहून मामेभावाचा फोन. "आता सुई-बिई काही लागंना बघ. नुस्ता लेझर दावला की कॅन्सर कळतो म्हनं. आप्पाला कशाला कापाकापी करायला नांदेडला न्यायचं?"

आप्पा म्हणजे माझे मामा. अहमदपूरला असतात. गालात आतून तीन महिन्यांपासून पांढरा चट्टा आहे, आणि तंबाखू किती वर्षांपासून ते विचारू नका. घरात सगळ्यांना 'सुई लावली की गाठ पसरते' हे पाठ. त्यात मोबाईलवर ही बातमी. आयतंच कोलीत मिळालं!

बातमी अगदीच खोटी नाही. खारघरला टाटांच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये तोंडाच्या कॅन्सरवर रामन स्पेक्ट्रोस्कोपीचं काम झालंय. रुग्णांच्या थेट गालातून घेतलेली मोजमापं २०१२ साली छापून आली. तत्त्व आपल्या सर रामन यांचंच, १९२८ चं. एकाच रंगाचा लेझर टाकायचा. परतणाऱ्या उजेडातला अगदी किंचित भाग रंग बदलून येतो. तो किती बदलला ते तिथल्या प्रथिनांवर, चरबीवर अवलंबून. निरोगी गालाचा ठसा वेगळा, बिघडलेल्या गालाचा वेगळा. ना सुई, ना रक्त. मला ह्या कामाचं खरंच कौतुक आहे.

पण 'चिरफाडीविना निदान' असा मथळा देणाऱ्यांनो, हा ठसा कॅन्सरचा आहे हे त्या यंत्राला शिकवलं कुणी? बायोप्सीनेच ना! तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसलं, त्याच्याशी ताडूनच ते शहाणं झालं. उद्या हे यंत्र लातूरला आलं तरी ते सांगणार, इथे संशय आहे. मोठ्या चट्ट्यातला तुकडा नेमका कुठून घ्यायचा हे ठरवायलाही कामी येईल. पण ऑपरेशन करायचं का, रेडिएशन द्यायचं का, हे ठरवताना डॉक्टर तुकड्याचाच रिपोर्ट मागणार. आणि तोंडातला तेवढासा तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो हे साफ चूक आहे. असलाच, तर थांबल्याने वाढेल.

बरं, उजेडच हवा असेल तर साध्या बॅटरीचा घ्या की! त्रिवेंद्रम जिल्ह्यात आरोग्यसेवकांनी, डॉक्टरांनी नव्हे, घरोघर जाऊन लोकांची तोंडं उघडून पाहिली. २००५ साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला: तंबाखू-दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी. वीस वर्षं होऊन गेली त्याला. आणि आपण? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत अशी तपासणी कधीतरी झालेले लोक देशात शंभरात जेमतेम एक! (गुटखाबंदीसुद्धा आपल्याकडे २०१२ पासून आहे. हसू नका.)

मामांचा चट्टादेखील यंत्राअभावी तीन महिने राहिला नाही. ज्या दवाखान्यात ते दोनदा गेले तिथे तोंड उघडायलाच सांगितलं नाही, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या दिल्या.

असो. सोमवारी सकाळी मी अहमदपूरला जाऊन त्यांना नांदेडला आणतोय, बायोप्सीला. मामेभाऊ अजून फुगलेलाच आहे.