जाईबाईची शाळा आणि कलम ३०

जाईबाई चौधरी नागपूर स्टेशनवर हमाली करायच्या. एका मिशनरी बाईनं त्यांची हुशारी हेरली, महिना चार रुपयांवर शाळेत मास्तरीण केलं. मास्तरीण अस्पृश्य आहे हे कळलं, तशी सवर्णांनी पोरं काढून घेतली. जाईबाईंची नोकरी सुटली. येशूच्या शाळेतही मनूची हजेरी लागत होती! बाई रडत बसल्या नाहीत. १९२२ साली त्यांनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा काढली.

आज हे उकरायचं कारण आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं विनाअनुदानित खाजगी शाळांत पहिलीच्या २५ टक्के जागा गरीब, वंचित पोरांसाठी ठेवल्या. ६ मे २०१४ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू नाही. आधार कलम ३०चा: अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढायचा, चालवायचा हक्क. १ सप्टेंबर २०२५ ला त्याच कोर्टातल्या दोन न्यायमूर्तींनी त्या निकालावर शंका घेतली.

कलम ३० आम्हाला हवंच आहे. १९५६ साली दीक्षाभूमीवर आपण बौद्ध झालो, ती ढाल आपलीही आहे. पण ढालीआड फीचा गल्ला लपवू नका. बायबल शिकवा, कुराण शिकवा, धम्मपद शिकवा. झोपडपट्टीतलं पोर बाकावर बसलं म्हणून कुठला धर्म बुडतो?

आणि या शाळांकडं बोट दाखवणारांनो, तुम्हीही गप बसा. ९ फेब्रुवारी २०२४ ला महाराष्ट्र सरकारनं नियम काढला: एक किलोमीटरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असली, की खाजगी शाळेला २५ टक्के माफ. तिथं कुठला धर्म आडवा आला होता? १९ जुलैला हायकोर्टानं तो नियम रद्द केला, म्हणून वाचलो. दार लावतात जात आणि पैसा. धर्माची नुसती कडी.

आता आपल्या घरात बघू. बौद्धांच्या नावावर निघालेल्या शाळांनी कोर्टाची वाट कशाला बघायची? २५ टक्के जागा फुकट द्या. मातंगांच्या, मेहतरांच्या, पारध्यांच्या, गरीब मुसलमानांच्या पोरांना द्या. नाही दिल्या, तर जाईबाईंच्या वर्गातून पोरं उठवणारे आणि आपण, फरक काय राहिला?

दोस्तहो, प्रवेश सुरू झाले की प्रत्येक शाळेच्या गेटावर जा. क्रॉस असो, चांद असो, धम्मचक्र असो. एकच विचारा: वस्तीतली पोरं किती घेतली? आकडा घेतल्याशिवाय हलू नका.

जय भीम!